घरच्या राउटरला डोमेन नेम कोणतं द्यावं आणि नेटवर्कचे भाग किती पाडावेत?

राउटरच्या सेटिंगमध्ये लॅन (घरातलं नेटवर्क) किंवा डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) यांच्या पानावर 'डोमेन नेम' नावाची एक चौकट असते. बहुतेक घरांत ती रिकामी तरी असते, नाहीतर कंपनीने भरून दिलेलं काहीबाही तिच्यात पडून असतं. त्याच मेनूत थोडं पुढे गेलं की गेस्ट नेटवर्क, व्हीलॅन (एकाच राउटरवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्कं), इंटरफेस ग्रुपिंग अशी आणखी गर्दी दिसते. यातल्या कशालाही हात न लावता इंटरनेट चालतं, म्हणून कुणी लावतही नाही. पण बॅकअपची डिस्क, प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (रेकॉर्डर), टीव्ही आणि ऑफिसचा लॅपटॉप असं सगळं एकाच राउटरवर आलं की दोन्ही गोष्टी ठरवाव्या लागतात.

माझं मत आधीच सांगतो: विभागणी आधी ठरवा, नाव नंतर. नाव बदलायला पाच मिनिटं पुरतात. विभागणी बदलली की बल्बपासून टीव्हीपर्यंत एकेकाला नव्या वायफायवर आणत बसावं लागतं.

एक गोंधळ मात्र सुरुवातीलाच मिटवू. ही चौकट भरली म्हणून कॉम्प्युटर ऑफिससारखा विंडोजच्या 'डोमेन'मध्ये जात नाही. त्यासाठी वेगळा सर्व्हर लागतो. 'वर्कग्रुप' हे तिसरंच प्रकरण. राउटरला यूएसबी डिस्क जोडून फाइल शेअर करायच्या असतील तेव्हा ते विचारलं जातं. विंडोजमध्ये ते मुळात 'वर्कग्रुप' असंच असतं, ते तसंच राहू द्या. जुनं होमग्रुप (घरातल्या कॉम्प्युटरांत फाइल शेअर करायची विंडोजची सोय) तर विंडोज १० मधून २०१८ साली काढूनच टाकलं.

सगळं एकत्र, गेस्ट की व्हीलॅन?

सगळी यंत्रं एकाच नेटवर्कवर ठेवण्यात वाईट काही नाही. प्रिंटर लगेच सापडतो, फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर जातो, कुणाला काही समजवावं लागत नाही. घरात फोन, टीव्ही आणि एखादा लॅपटॉप एवढंच असेल तर पुढचा भाग वाचला नाही तरी चालेल. अडचण येते ती कॅमेरे आणि स्मार्ट प्लग आल्यावर. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने असेच कॅमेरे आणि डीव्हीआर हजारोंनी ताब्यात घेतले होते, आणि तेही कारखान्यात ठेवलेले पासवर्ड वापरून. असं एखादं यंत्र तुमच्या बॅकअपच्या डिस्कशेजारी बसलेलं असावं का, एवढाच प्रश्न आहे.

गेस्ट नेटवर्क हा त्यावरचा सोपा उपाय आणि बहुतेकांसाठी पुरेसाही. नाव पाहुण्यांचं असलं तरी घरातली 'स्मार्ट' मंडळी खुशाल तिकडे पाठवा. गेस्टच्या पानावर 'पाहुण्यांना लोकल नेटवर्क पाहू द्यावं' अशा अर्थाचा एक टिकबॉक्स असतो. तो रिकामा आहे ना, हे बघा; सगळी मेख त्यात आहे. पण इथे चार ठिकाणी अडखळायला होतं.

टीव्ही गेस्टवर आणि फोन मुख्य वायफायवर असेल तर कास्टिंग बंद पडतं, कारण टीव्हीने मारलेली 'मी इथे आहे' ही हाक पलीकडे पोचत नाही. टीव्ही मुख्य वायफायवरच ठेवा, वाद टळतील. दुसरं म्हणजे अनेक राउटर गेस्टवरच्या यंत्रांना एकमेकांपासूनही तोडतात. वायफाय कॅमेरा आणि त्याचा रेकॉर्डर दोन्ही गेस्टवर असूनही एकमेकांना दिसत नाहीत. तिसरं, बहुतेक राउटरांत गेस्ट फक्त वायफायपुरतं असतं. वायरने जोडलेला डीव्हीआर मुख्य नेटवर्कवरच राहतो.

चौथी अडचण आपल्याकडे घरोघरी आढळते. फायबरवाल्याने बसवलेला डबा आधीच राउटरचं काम करत असतो आणि त्याच्या मागे आपण आपला राउटर लावतो. गेस्टवरचा माणूस तुमच्या नेटवर्कमध्ये शिरू शकत नाही, पण पुढच्या डब्याचं लॉगिनचं पान त्याला बऱ्याचदा उघडता येतं, कारण तुमच्या राउटरच्या लेखी तो डबा म्हणजे बाहेरचं जग. म्हणून त्या डब्याचा मूळ पासवर्ड आजच बदला.

व्हीलॅन या सगळ्यावर उत्तर आहे. वायर असो की वायफाय, प्रत्येक गटाला वेगळा क्रमांक मिळतो (४०९४ पर्यंत, घराला तीन म्हणजे डोक्यावरून पाणी). मुख्य गटातून कॅमेऱ्यांकडे जाता येईल, उलट येता येणार नाही, असा नियमही लिहिता येतो. मात्र त्यासाठी ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर चढवायचं मोफत सॉफ्टवेअर) चालणारा किंवा मायक्रोटिक कंपनीचा असतो तसा राउटर लागतो, वायरींची संख्या जास्त असेल तर मॅनेज्ड स्विच (व्हीलॅन समजणारा वायरजोडणीचा डबा) लागतो, आणि कास्टिंगसाठी एमडीएनएस, म्हणजे ती 'मी इथे आहे' ही हाक, पलीकडे पोचवणारा रिपीटर बसवावा लागतो. माझी कसोटी साधी आहे: तुम्ही गावाला गेलेले असताना टीव्ही बंद पडला, तर घरात तो दुरुस्त करणारं कुणी आहे का? नसेल तर गेस्टवरच थांबा. घरून काम करणाऱ्याला वायरवरचा डीव्हीआर वेगळा करायचाच असेल, तरच व्हीलॅनच्या वाटेला जावं.

इंटरफेस ग्रुपिंग दिसायला व्हीलॅनसारखं असतं, पण ते दुसऱ्याच कामासाठी आहे. एखादा पोर्ट किंवा वायफाय बाहेरच्या ठरावीक जोडणीला बांधायचा असतो, उदाहरणार्थ टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सला. नवा गट करून त्यात पोर्ट टाकला आणि गटाला बाहेरची जोडणी दिली नाही, तर त्या पोर्टवरचं इंटरनेट गेलंच. फायबरवर लँडलाइन वेगळ्या व्हीलॅनवर असेल तर ती नोंद पुसली की फोन मुका होतो. इंटरनेट कंपनीने सांगितल्याशिवाय इथे हात घालू नका.

आता नाव

नाव दिल्याचा फायदा असा की १९२.१६८.१.४० असा आकड्यांचा पत्ता पाठ करण्याऐवजी 'तिजोरी' असं नाव ठेवलेली डिस्क 'तिजोरी डॉट अमुक' अशी ब्राउझरमध्ये उघडते. हा 'अमुक' कोणता घ्यायचा?

| पर्याय | जमेची बाजू | खटकणारी बाजू |
|---|---|---|
| डॉट लोकल | सुचायला सोपं | एमडीएनएससाठी राखीव, टक्कर होते |
| डॉट लॅन | ओपनडब्ल्यूआरटीत आधीपासून भरलेलं | अधिकृतरीत्या राखीव नाही |
| होम डॉट आर्पा | २०१८ पासून खास घरांसाठी राखीव | लांबलचक |
| डॉट इंटर्नल | २०२४ साली आयकॅनने (इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणारी संस्था) खासगी वापरासाठी ठेवलं | एचटीटीपीएससाठी लागणारं प्रमाणपत्र मिळत नाही |
| स्वतःचं विकत घेतलेलं | खरं एचटीटीपीएस (ब्राउझरची 'सुरक्षित नाही' ही सूचना जाते) | दरवर्षी पैसे, जास्त खटपट |

यातलं डॉट लोकल आधी बाद करा. अॅपलची यंत्रं, प्रिंटर आणि लिनक्स हे नाव राउटरला विचारतच नाहीत, थेट नेटवर्कवर हाळी देतात. तुम्ही तेच नाव राउटरमध्ये भरलं की कधी चालतं, कधी चालत नाही, आणि अशी अर्धवट बिघाडाची तक्रार शोधण्यात रविवार जातो.

मनाला येईल ते नाव का घेऊ नये, याचं उदाहरण जर्मनीत घडलं. एव्हीएम कंपनीच्या फ्रिट्झबॉक्स राउटरचं पान वर्षानुवर्षं 'फ्रिट्झ डॉट बॉक्स' असं टाइप करून उघडतं. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना हे सांगायला नको. पुढे 'डॉट बॉक्स' ही इंटरनेटवरची खरीखुरी शेपटी झाली आणि २०२४ च्या जानेवारीत तेच नाव भलत्याच कुणीतरी नोंदवलं. ज्याचं यंत्र राउटरऐवजी बाहेरच्या डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) विचारत होतं, तो परक्याच्या पानावर पोचायचा. कंपनीला जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे दाद मागून नाव मिळवावं लागलं. होम डॉट आर्पा आणि डॉट इंटर्नल ही नावं कुणाला विकलीच जाणार नाहीत.

माझी निवड होम डॉट आर्पा: एच-ओ-एम-ई, टिंब, ए-आर-पी-ए. ओपनडब्ल्यूआरटी वापरत असाल आणि डॉट लॅन सुरळीत चाललं असेल तर बदलायची घाई नाही.

विकत घेतलेलं नाव फक्त एकाच कारणासाठी घ्यावं: ब्राउझरमधली 'सुरक्षित नाही' ही सूचना तुम्हाला खरोखर नको असेल तर. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं मोफत प्रमाणपत्र डीएनएसच्या नोंदीवरून मिळतं, त्यामुळे राउटरचा एकही पोर्ट बाहेरच्यांसाठी उघडावा लागत नाही आणि इंटरनेट कंपनीने स्वतंत्र पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येणारा पत्ता) दिला नसला तरी काम होतं. मात्र ज्या नावाचं प्रमाणपत्र घ्याल ते सार्वजनिक नोंदवहीत जातं. यंत्रांची नावं जगाला कळू नयेत म्हणून वाइल्डकार्ड (सगळ्या यंत्रांना मिळून एकच प्रमाणपत्र) घ्या. आणि यंत्राचा घरातला आकडी पत्ता बाहेरच्या डीएनएसवर टाकू नका. बाहेरून आलेलं १९२.१६८ चं उत्तर फसवणूक समजून बरेच राउटर टाकून देतात. ती नोंद राउटरमध्येच करा.

सगळं करूनही एखाद्या अँड्रॉइड फोनवर 'तिजोरी' उघडली नाही, तर सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' बघा. तिथे कुठल्यातरी सेवेचं नाव भरलेलं असेल तर फोन तुमच्या राउटरला काही विचारतच नाही. ते 'ऑटोमॅटिक'वर आणा आणि वायफाय एकदा बंद करून चालू करा.