आईसाठी घेतलेली ब्यूरोची सेवा : सात महिन्यांचा अनुभव

माझी आई ७९ वर्षांची असून पुण्यात कोथरूडला एकटी राहते. मी ठाण्याला असते आणि दादा बंगळुरूला. रोज रात्री नऊ वाजता आमचा फोन ठरलेला असतो आणि 'माझं छान चाललंय, तुम्ही आपापलं बघा' हे तिचे उत्तरही ठरलेलेच. गेल्या डिसेंबरात तिचे निवृत्तिवेतन खात्यावर जमा झाले नाही, तेव्हा नोव्हेंबरात द्यावयाचा हयातीचा दाखला तिने दिलाच नसल्याचे समजले. एकतीस वर्षे शाळेत गणित शिकवलेल्या आणि दूधवाल्याचा हिशेब पैशापैशापर्यंत लिहून ठेवणाऱ्या बाईकडून हे राहून गेले, याची आम्हा दोघांना धास्ती वाटली. वीजबिलेही दोन महिन्यांची थकलेली निघाली. त्यानंतर जानेवारीत आम्ही वृद्धांची काळजी घ्यायला घरी बाई पाठवणाऱ्या पुण्यातील एका ब्यूरोची सेवा घेतली. हे परीक्षण त्या सेवेविषयी आहे.

या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे बाई नेमण्यापूर्वी झालेली पाहणी. तिचे ८०० रुपये वेगळे घेतले जातात आणि ते मला तेव्हा जास्त वाटले होते. आलेल्या सिस्टरांनी फॉर्म बाजूला ठेवून आईला चहा करायला सांगितला आणि स्वतः ओट्याजवळ उभ्या राहिल्या. आईने पातेले ठेवण्याआधीच गॅस पेटवला आणि साखर दोनदा घातली. नंतर सिस्टर पलंगापासून न्हाणीघरापर्यंत भिंतीकडे पाहत हळूहळू चालत गेल्या. भिंतीवर खांद्याच्या जरा खाली हातांच्या मळकट डागांची एक सलग रांग होती. आई गेले कित्येक महिने भिंत धरूनच चालत होती. दर दुसऱ्या शनिवारी मी त्याच घरात राहत होते, ते डाग पाहतही होते, पण एकदा भिंतीला रंग देऊन घ्यायला हवा, एवढेच माझ्या मनात यायचे.

त्यानंतर आईला खुर्चीतून उठून तीन मीटर चालायला, वळून परत यायला आणि पुन्हा बसायला सांगण्यात आले. याला १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला, तर पडण्याचा धोका आहे असे धरतात. आईला १९ लागले. प्रश्नपत्रकाचे दोन भाग होते. अंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, पलंगावरून उठणे-बसणे, मलमूत्रावरील ताबा आणि जेवणे ही सहा कामे पहिल्या भागात होती. ही यादी सिडनी कॅट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी १९६३ मध्ये मांडली. दुसऱ्या भागात फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे आणि पैशांचे व्यवहार अशी आठ कामे होती. सिस्टरांनी समजावले की बहुतेकदा दुसऱ्या भागातील कामे आधी सुटू लागतात, आणि मुले मात्र आईवडील स्वतःच्या हाताने अंघोळ करतात, जेवतात एवढे पाहून निश्चिंत राहतात. आमचे नेमके तेच झाले होते.

विसरण्याचा संबंध लगेच वयाशी जोडू नका, आधी डॉक्टरांना दाखवा, असेही त्यांनी बजावले. तपासणीत आईचे बी-१२ जीवनसत्त्व फार कमी आढळले. इंजेक्शनांनंतर तिची तरतरी बरीच परतली, तरी औषधांचा गोंधळ पूर्ण थांबलेला नाही. आम्ही चोवीस तासांची बाई मागितली होती. सिस्टरांनी सकाळचे चार तास पुरेत असे सांगितले आणि न्हाणीघरात धरायला दांडा, आठवड्याच्या गोळ्यांचा खणांचा डबा व रात्री जाण्यायेण्याच्या वाटेवर दिवा एवढे करून घ्यायला लावले. ज्यात ब्यूरोचाच पैसा कमी होणार होता असा हा सल्ला होता, आणि त्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

नेमलेल्या मावशी शांत आणि वेळ पाळणाऱ्या आहेत. आधार कार्ड आणि पोलीस पडताळणीची प्रत न मागता मिळाली. पहिले पंधरा दिवस आई त्या येण्याआधीच भांडी घासून ठेवत असे, कारण आपल्याला कुणी सांभाळायला येते हेच तिला सोसत नव्हते. मावशींनी त्यावर वाद घातला नाही. 'आजी, आज कुठली साडी काढू?' एवढे विचारून त्या अंघोळीच्या वेळी दाराबाहेर उभ्या राहत. आता आई त्यांच्यासाठी चहा झाकून ठेवते.

बदलीच्या व्यवस्थेबाबत मात्र माझी गंभीर तक्रार आहे. एप्रिलमध्ये मावशी गावच्या जत्रेला गेल्या तेव्हा ब्यूरोने आम्हाला न कळवता दुसरी बाई पाठवली. अनोळखी चेहरा पाहून आईने दार उघडले नाही, जे योग्यच होते. ती बाई चाळीस मिनिटे जिन्यात थांबून परत गेली, आईने त्या दिवशी एकटीने अंघोळ केली, आणि ब्यूरोचा फोन दुपारपर्यंत कुणी उचलला नाही. दोन दिवसांनी दिलगिरी व्यक्त झाली, पण पुढे काय करणार याचे उत्तर मिळाले नाही. करार या महिनाअखेर संपतो. बदलीची बाई आदल्या संध्याकाळी मावशींसोबत घरी येऊन आईला भेटून जाईल, ही अट आम्ही लेखी मागितली आहे आणि ती मान्य झाली तरच नूतनीकरण करणार आहोत.