गंगावेशचा दूध कट्टा : साडेचार स्टार

कामासाठी कोल्हापुरात मुक्काम होता, मित्र म्हणाला रात्री चल, दूध पाजतो. मी म्हटलं दूध? मी काय बारकं पोरगं आहे का. पण गेलो, आणि आता चहा सोडावा की काय असं वाटायला लागलंय.

रस्त्याकडेला म्हशी उभ्या, हॉटेल नाही की काउंटर नाही, गवळीमामा समोरच धार काढतात, फेस चढतो आणि तसाच ग्लास हातात. कोमट, गोडसर, मिशी पांढरी झाल्याशिवाय पिताच येत नाही. पाणी घातलंय का असलं विचारायचंच नाही, कास डोळ्यासमोर आहे की ओ! पिशवी नाही, प्लास्टिक नाही, गाडीचं डिझेल नाही.

आणि हे काही इन्स्टावाल्यांनी काढलेलं फॅड नाही, पैलवानांच्या खुराकाचं गाव आहे हे. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमी, शाहू महाराजांचं 1912 चं खासबाग कुस्ती मैदान. पहाटे जोर-बैठका मारणाऱ्या पोराला दूध, तूप, बदामाची थंडाई लागतेच, ती पोरं गिऱ्हाईक म्हणून गवळ्याची चूल पेटते आणि गवळी आहे म्हणून पोरांना खात्रीचं दूध मिळतं. कुठली स्कीम नाही, स्पॉन्सर नाही, नुसती उधारीची वही.

दर पिशवीपेक्षा जास्त वाटला तर घासाघीस करू नका प्लीज. सरकी पेंड महाग, चारा महाग, आणि म्हैस आटली की दूध बंद पण खाणं चालूच, ते महिने मामांनी कुठून काढायचे? आपण प्रोटीन पावडरच्या डब्याला हजारो मोजतो तेव्हा तोंडातून शब्द निघत नाही.

अर्धा स्टार कापला कारण धारोष्ण म्हणून कितीही कौतुक केलं तरी ते कच्चं दूध आहे, टीबी किंवा ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला होणारा तापाचा आजार) यांचे जंतू फेस बघून कळत नाहीत. लहान पोरं, गरोदर बायका, म्हातारी माणसं यांच्यासाठी किटली घेऊन जा आणि घरी उकळूनच द्या. मी स्वतः एक ग्लास तिथं प्यायलो आणि पोटाला काही झालं नाही, पण मित्राच्या आईनं नंतर दोघांनाही झापलं, आणि ती नर्स आहे त्यामुळं गप्प बसलो.

बाकी पांढरा शर्ट घालून जाऊ नका. शेपटी कधी फिरेल सांगता येत नाही.