सोशल वर्कर की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, कोणाकडे जायचं?

कळव्याच्या मावशीचा फोन आला, मुलगा दोन महिने खोलीतून बाहेर पडत नाहीये, कोणीतरी सायकियाट्रिक सोशल वर्कर सुचवली तर म्हणते ती फॉर्म भरून देणारी ना? अजिबात नाही हो.

शिक्षण बघा आधी. सोशल वर्करचं एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स, आणि त्यावर एमफिल, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तशी व्याख्याच आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं मानसशास्त्र आणि आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी, नंबर बिनधास्त विचारा. औषधं दोघंही लिहून देत नाहीत, त्यासाठी सायकियाट्रिस्टच, म्हणजे मनोविकारांचा डॉक्टर.

खरा फरक पद्धतीत. सायकॉलॉजिस्ट टेस्ट घेणार, सीबीटी करणार, म्हणजे डोक्यातले विचार पकडून तपासायला शिकवणार. सोशल वर्कर पेशंटसोबत घरही बघते. माझ्या भावाच्या वेळी तिने आईला विचारलं, सकाळी त्याला उठवतं कोण आणि कसं? आई रोज सातला पंखा बंद करून ओरडायची. ती म्हणाली पंधरा दिवस पंखा चालूच ठेवा, फक्त चहाचा कप उशाशी ठेवून या. आईला तिथेच रडू फुटलं, आणि घर तेव्हापासून शांत व्हायला लागलं.

खर्चाचं म्हणाल तर ठाण्याचं सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय खाजगीपेक्षा खूपच परवडतं, फक्त सकाळी लवकर जा.

निदानाचा घोळ, आयक्यू टेस्ट, ओसीडी (तेच तेच विचार, तेच तेच करणं), पॅनिक (अचानक जीव घाबरणं) असेल तर सायकॉलॉजिस्ट. दीर्घ आजार, घरात भांडणं, नोकरी सुटलेली, व्यसन, तर सोशल वर्कर. मावशीला मी सायकियाट्रिस्ट आणि सोबत सोशल वर्करच सांगितली. रात्री जीव घाबरला तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.