सुई बदलून देणारं केंद्र: तीन वर्षांचा अनुभव

माझा धाकटा भाऊ शिरेतून नशा करायचा. आता तो रोज जिभेखाली गोळी घेतो. ही गोळी, नव्या सुया-सिरिंज आणि एचआयव्हीची तपासणी हे सगळं एकाच ठिकाणी देणाऱ्या केंद्रात मी त्याच्यासोबत तीन वर्षं जाते आहे. अशा जागांबद्दल कोणी मोकळेपणानं बोलत नाही आणि ज्यांच्या घरात गरज आहे त्यांना विचारायचीही चोरी, म्हणून लिहिते.

आधी आतलं. खिडकीपाशी सिस्टर ब्युप्रेनॉर्फिनची, म्हणजे हेरॉइनची तलफ भागवणाऱ्या औषधाची, गोळी स्वतः देतात आणि विरघळेपर्यंत समोर बसवतात. पाच ते दहा मिनिटं जातात. तोवर बोलायचं नाही, गिळायचं नाही. भाऊ हात गुडघ्यांवर पालथे ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहतो. मग सिस्टर टॉर्च लावतात आणि जीभ वर करायला सांगतात. पहिल्या दिवशी मला ते फार लागलं होतं. सिस्टरना ते कळलं असावं. त्या म्हणाल्या, "गोळी तोंडातून काढून विकली जाते, आणि कोणीतरी तीच पाण्यात विरघळवून टोचून घेतं." हे त्यांनी भावाकडे बघून सांगितलं, माझ्याकडे नाही. त्याला त्या 'तुम्ही' म्हणतात. कितीतरी वर्षांत बाहेरच्या कोणी त्याला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

सुया मागितल्या की मिळतात. जुन्या आणल्याच पाहिजेत अशी सक्ती नाही, आणल्या तर जाड प्लॅस्टिकच्या डब्यात टाकायच्या. सोबत निर्जंतुक पाणी आणि कापूसही देतात, कारण चमचा, पाणी, गाळायचा कापूस वाटून घेतला तरी संसर्ग जातो, हेपटायटिस सी तर सहजच. या कामाला माझ्याकडून पैकीच्या पैकी.

पण केंद्र म्हणजे फक्त त्या चार भिंती नाहीत. पूर्वी ते आमच्याच गल्लीच्या मागे होतं. सात मिनिटांचा रस्ता, दार बाजूच्या बोळात, आत कोण गेलं ते कोणाला दिसायचं नाही. मग आसपासच्या लोकांनी तक्रारी केल्या, मालकानं जागा रिकामी करून घेतली आणि केंद्र हायवेच्या पलीकडे गेलं. सिस्टर त्याच, गोळी तीच. वाट मात्र आता माल विकणाऱ्यांच्या कोपऱ्यावरून जाते आणि तिच्या तोंडाशी पोलीस उभे असतात. भावाचे गोळीचे दिवस चुकायला लागले. आधी महिन्यातून एक, मग आठवड्याला दोन.

मी चिडले, रडले. शेवटी एकदा त्यानं नीट सांगितलं. "ताई, खिशात सुई सापडली की धरतात. म्हणून कोणी जवळ ठेवत नाही." एक बंद पडलेली इमारत आहे, तिच्या जिन्याखाली भिंतीच्या फटीत एक सिरिंज लपवलेली असते. टर्की लागलेला, म्हणजे नशा न मिळाल्यानं अंग तुटत असलेला माणूस येतो, फट चाचपतो, तीच घेतो. उजेड नाही, बाहेर पावलं वाजतात, धुवायला वेळ नाही. सिरिंजमध्ये राहिलेल्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू अनुकूल तापमानात ४२ दिवसांपर्यंत जिवंत सापडलेला आहे, हे मला केंद्रातच कळलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

नंतर मी मिळेल ते वाचत गेले. १९८० च्या दशकात स्कॉटलंडमधल्या एडिंबरोत दुकानांतून सिरिंज मिळेनाशा झाल्या आणि पोलीस सापडलेल्या जप्त करायचे. १९८६ साली तिथल्या एका दवाखान्याची पाहणी छापून आली, तपासलेल्या सुई घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना एचआयव्हीची लागण होती. शेजारच्याच ग्लासगोत हेरॉइन तेच, पण लागण फार कमी. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये २००३ साली 'इनसाइट' नावाचं देखरेखीखाली सुई घेण्याचं केंद्र सुरू झालं. त्याच्या ५०० मीटरच्या आत अतिमात्रेनं होणारे मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले, बाकी शहरात जेमतेम ९ टक्क्यांनी. ५०० मीटर! आमचं जुनं केंद्र साधारण तेवढ्यावरच होतं.

आता तक्रार, आणि ती मनापासून आहे. रविवारी केंद्र बंद असतं. जे नियमित येतात त्यांना शनिवारी रविवारची गोळी हातात मिळते. ज्यांचे दिवस चुकतात त्यांना नाही. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्याचाच रविवार रिकामा. अशाच एका रविवारी संध्याकाळी भाऊ त्या जिन्याखाली गेला.

सोमवारी दार उघडायच्या आधी आम्ही पायरीवर बसलो होतो. डॉक्टरांनी एकच विचारलं, "किती तास झाले?" लागण टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी चांगली. आमचे पंधरा झाले होते. २८ दिवसांचा कोर्स तिथेच, त्याच सकाळी सुरू झाला. कोणी उपदेश केला नाही. ब्युप्रेनॉर्फिन मात्र लगेच दिलं नाही, अंगातली नशा पुरती उतरण्याआधी दिलं तर त्या गोळीनंच टर्की जोरात येते. दुपारपर्यंत तो बाकावर अंग चोरून बसला होता आणि सिस्टर दर थोड्या वेळानं येऊन त्याची नाडी बघत होत्या. हे मी विसरणार नाही.

तपासण्या होत राहिल्या, शेवटची तीन महिन्यांनी. कागदावर 'नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह' लिहिलेलं, म्हणजे लागण नाही, हे त्यानं दोनदा वाचलं, घडी घातली आणि माझ्या हातात दिलं.

रविवारचं मी लेखी दिलं आहे. गल्लीजवळ खिडकी हवी हेही लिहून दिलं. त्यावर एवढं झालं की संध्याकाळी एक व्हॅन जुन्या बोळाच्या तोंडाशी थांबते. तिच्यात सुया मिळतात, गोळी मिळत नाही. पण जिन्याखालच्या फटीवर ज्यांचे हात जायचे, त्यांतले काही आता व्हॅनपाशी दिसतात, असं भाऊ सांगतो. गोळीसाठी हायवे ओलांडावाच लागतो. कोणाला जायचं असेल तर सकाळी दार उघडतानाच जा, तेव्हा कोपरा रिकामा असतो, आणि पहिले काही आठवडे माणसाला एकटं पाठवू नका.