ताटातला तो, वहीतली ती: दांडिया बाजारातला रविवारचा मराठी वर्ग

लेक सातवीत. शाळा इंग्रजी माध्यमाची, गल्लीत गुजराती, मराठी तेवढं घरात. म्हणून जूनपासून तिला वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारात एका बाईंकडे रविवारी सकाळी मराठीला धाडतोय. महिना ४०० रुपये, मुलं आठ-नऊ.

पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, "उपमा म्हणजे काय?" सगळे एकसुरात, "रव्याचा असतो!" बाई म्हणाल्या, "ताटातला तो उपमा, वहीतली ती उपमा." लेकीनं हे घरी दोनदा ऐकवलं, तिसऱ्यांदा आजीला फोनवर.

याआधी ती जिथे जायची (नाव नको) तिथे एवढंच घोकून घेतलं होतं: सारखा, जसा, सम दिसलं की उपमा, जणू दिसलं की उत्प्रेक्षा. मार्क पडायचेही. बाईंनी मात्र फळ्यावर लिहिलं, "दादासारखीच मीही आठवीत जाणार." झाडून सगळ्यांचे हात वर, उपमा! बाई म्हणाल्या, नाही. दादा आणि तू एकाच जातीचे, यात कल्पना कुठाय? दोन निराळ्या गोष्टी आणा, मग त्यांच्यातलं साम्य दाखवा.

मग मे महिन्यातला रावपुऱ्याचा रस्ता आला. रस्ता तव्यासारखा तापलाय, ही उपमा: रस्ता उपमेय, तवा उपमान, तापणं हा साधारण धर्म, 'सारखा' हा साम्यवाचक शब्द. रस्ता जणू तवाच, ही उत्प्रेक्षा. रस्त्याच्या तव्यावर आम्ही भाजून निघालो, हे रूपक. बाई तिथे थांबल्या नाहीत. तवा म्हटलात ना, मग भाकरी कोण? "आम्ही!" आणि उलथनं? मागून एक पोरगा म्हणाला, "रिक्षावाला." त्या दिवशी वर्ग वेळेवर सुटला नाही.

गृहपाठही तसाच. जी रूपकं आहेत हेच आपण विसरलोय, ती घरात शोधायची. लेकीनं खुर्चीचा पाय, बाटलीचा गळा, नारळाची शेंडी आणली. बाईंनी त्यात गावाचं नाव घातलं: वडोदरा, मूळ वटोदर, वडाचं पोट. आमच्या चार पिढ्या या पोटात गेल्या, मला ते कधी दिसलं नाही.

आता कुरकुर. झेरॉक्स इतक्या फिकट की उपमेय आहे की उपमान, चष्मा लावूनही कळत नाही. दहाचा वर्ग सव्वादहाला सुरू होतो. अपन्हुती (म्हणजे हे ते नव्हेच, दुसरंच आहे असं म्हणणं) दहा मिनिटांत उरकली, त्यामुळे 'हा रस्ता नव्हे, तवाच' दिसलं की लेक अजूनही रूपक म्हणते. स्कूटर लावायला जागा नाही, ती मी गल्लीच्या तोंडाशी (हेही रूपकच) लावून चालत जातो. आणि परीक्षेपुरता पाठ करायचा तक्ता हवा असेल तर इथे येऊ नका, बाई देत नाहीत.

जानेवारीत, वासी उत्तरायण (पतंगांच्या संक्रांतीचा दुसरा दिवस) झाल्यावर, तिची वही चाळली. "बाबा वासी उत्तरायणाच्या दोऱ्यासारखे आहेत. दिसत नाहीत, पण पायात येतात." खाली बाईंचा लाल शेरा: "साधारण धर्म अगदी स्पष्ट."

पुढच्या तीन महिन्यांची फी भरून आलोय.