उपचार डॉक्टरांवर सोपवावेत, स्वतः ठरवावेत की मिळून ठरवावेत? कर्करोगाच्या रुग्णासाठी तुलनात्मक आढावा

कर्करोगाचे निदान झाल्यावर उपचारांचे निर्णय तीन प्रकारे घेतले जातात. काही रुग्ण सारे काही डॉक्टरांवर सोपवतात, काही जण माहिती गोळा करून शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवतात, तर काही जण डॉक्टरांशी सविस्तर बोलून दोघांच्या विचाराने मार्ग ठरवतात. यांपैकी एकच पद्धत सर्वांना आणि सर्व प्रसंगी लागू पडते, असे मला वाटत नाही. मात्र कोणत्या निर्णयात कोणती पद्धत उपयोगी आहे आणि कोणती घातक, हे बऱ्याच अंशी सांगता येते.

निर्णय सोपवणाऱ्या रुग्णाला निष्काळजी समजणे अन्यायाचे आहे. डेग्नर आणि स्लोन या संशोधकांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या कॅनडातील पाहणीत सर्वसामान्य लोकांपैकी ६४ टक्के जणांनी, आपल्याला कर्करोग झाला तर उपचार आपणच निवडू, असे सांगितले होते. प्रत्यक्षात नुकतेच निदान झालेल्या रुग्णांपैकी ५९ टक्के जणांना मात्र निर्णय डॉक्टरांनी घ्यावा असे वाटत होते. निरोगी असताना केलेली कल्पना आणि आजारपणातली मनाची शक्ती यांत एवढे अंतर पडते. शिवाय काही कर्करोगांत निवडीला फारसा वावच नसतो. तीव्र प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात उपचार काही दिवसांत, कधी त्याच दिवशी, सुरू करावे लागतात आणि औषधांचा क्रमही बराचसा ठरलेला असतो. तेथे तज्ज्ञावर विश्वास टाकणे हाच शहाणपणाचा निर्णय असतो.

या पद्धतीची उणीव वेगळ्या ठिकाणी आहे. गाठ किती मोठी आहे, ती कोणत्या प्रकारची आहे आणि कोणत्या औषधाला दाद देईल, हे डॉक्टरांना कळते. पण रुग्णाच्या आयुष्यात काय मोलाचे आहे, हे त्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही. सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधामुळे ऐकू येणे कमी होऊ शकते आणि पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या औषधामुळे हातापायांना बधिरपणा येऊ शकतो. ज्याची उपजीविका कानांवर किंवा बोटांच्या सफाईवर चालते, त्याने ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगितली, तर पर्याय आहे का याचा विचार वेळेवर होतो. एरवी दुष्परिणाम दिसू लागल्यावरच तो विषय निघतो.

सर्व सूत्रे स्वतःकडे घेणाऱ्या रुग्णाजवळ जिज्ञासा आणि धैर्य असते, आणि त्याच्या प्रश्नांमुळे एखादी राहून गेलेली तपासणी किंवा चुकीची नोंद लक्षात येऊ शकते. तरीही तिन्हींपैकी मला सर्वाधिक काळजी याच पद्धतीची वाटते, कारण येथून शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी यांसारखे प्रमाणित उपचार नाकारण्यापर्यंतचा रस्ता लहान आहे. अमेरिकेतील नोंदींवर आधारलेल्या २०१८ सालच्या एका अभ्यासात, केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्या २८१ रुग्णांची तुलना प्रमाणित उपचार घेणाऱ्या ५६० रुग्णांशी करण्यात आली. हे सर्व रुग्ण स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस किंवा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे होते आणि कोणाचाही रोग दूरवर पसरलेला नव्हता. पर्यायी उपचारांवरच विसंबलेल्या गटात मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट आढळला. ज्या टप्प्यावर रोग बरा होण्याची शक्यता चांगली असते, त्याच टप्प्यावरचे हे नुकसान आहे.

मुख्य उपचार चालू ठेवून कोणालाही न सांगता पूरक गोळ्या घेणेसुद्धा निर्धोक नाही. सेंट जॉन्स वर्ट ही वनौषधी इमॅटिनिब आणि इरिनोटेकॅन या कर्करोगावरील औषधांचा प्रभाव कमी करते, हे सिद्ध झालेले आहे. म्हणून घेत असलेल्या प्रत्येक गोष्टीची यादी डॉक्टरांसमोर ठेवावी, मग ती वस्तू कितीही निरुपद्रवी वाटो.

मिळून निर्णय घेण्याची पद्धत सर्वाधिक मोलाची ठरते ती दोन उपचारांचा परिणाम जवळपास सारखा आणि त्यांसाठी सोसावा लागणारा त्रास मात्र वेगळा असतो तेव्हा. स्तनाच्या कर्करोगाचे उदाहरण घेऊ. अमेरिकी शल्यचिकित्सक बर्नार्ड फिशर आणि सहकाऱ्यांनी रुग्णांवर केलेल्या चाचणीचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा संपूर्ण स्तन काढलेल्या आणि केवळ गाठ काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र केवळ गाठ काढल्यानंतर किरणोपचार घेतलेल्यांपैकी १४.३ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात रोग पुन्हा आढळला, तर किरणोपचार न घेतलेल्यांत हे प्रमाण ३९.२ टक्के होते. म्हणजे स्तन वाचवायचा की नाही, हा बहुतांशी त्या स्त्रीचा निर्णय आहे. वाचवला तर किरणोपचार का टाळू नयेत, हे समजावणे डॉक्टरांचे काम आहे. एकाच प्रश्नाचे हे दोन भाग दोघांनी वाटून घ्यायचे असतात.

प्रोस्टेटच्या कर्करोगात ही निवड आणखी नाजूक होते. ब्रिटनमधील प्रोटेक्ट चाचणीत रोग मर्यादित असलेल्या १,६४३ पुरुषांना शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा सक्रिय देखरेख (लगेच उपचार न करता नियमित तपासण्यांनी रोगावर लक्ष ठेवणे) यांपैकी एक मार्ग देण्यात आला. १५ वर्षांनंतर तिन्ही गटांत या रोगाने झालेले मृत्यू ३ टक्क्यांच्या आसपासच होते. देखरेखीच्या गटात रोग शरीरात इतरत्र पसरण्याचे प्रमाण ९.४ टक्के, म्हणजे इतर दोन गटांच्या सुमारे दुप्पट होते; उलट शस्त्रक्रियेनंतर लघवीवरील ताबा आणि लैंगिक क्षमता यांवर अधिक परिणाम झाला, तर किरणोपचारांनंतर शौचाच्या तक्रारी अधिक आढळल्या. यांतले काय सोसायचे, हे डॉक्टरांनी परस्पर ठरवणे मला योग्य वाटत नाही.

या पद्धतीला वेळ आणि तयारी लागते. शरीरातील अनेक प्रकारच्या गाठींच्या बाबतीत दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्याइतका अवधी असतो; आपल्या बाबतीत तो किती आहे, हे स्पष्ट विचारावे. बायोप्सीच्या (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या) अहवालाची प्रत जवळ ठेवावी, भेटीला जाताना कोणाला तरी सोबत न्यावे आणि अनुमती मिळाल्यास संभाषण ध्वनिमुद्रित करावे, कारण वाईट बातमी ऐकल्यानंतरचे बोलणे फारसे लक्षात राहत नाही.

एक काम मात्र कोणतीही पद्धत निवडली तरी रुग्णालाच करावे लागते, आणि ते म्हणजे त्रास वेळेवर कळवणे. न्यूयॉर्कमधील मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात ७६६ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे आयुर्मानाविषयीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. मळमळ, वेदना, थकवा यांसारखी १२ लक्षणे संगणकावरून नियमित कळवणाऱ्या गटाचे मध्यक आयुर्मान (म्हणजे गटातील निम्मे रुग्ण जितका काळ जगले तो काळ) ३१.२ महिने होते, तर नेहमीच्या पद्धतीने काळजी घेतलेल्या गटाचे २६ महिने. त्रास वाढल्याचे कळताच परिचारिकांना पुढची पावले उचलता येत होती, हे त्यामागचे एक संभाव्य कारण मानले जाते. केमोथेरपीच्या काळात ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाशी संपर्क साधावा लागतो, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो.

सहभाग घेणे म्हणजे बरे होण्याची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेणे नव्हे. ‘मन खंबीर ठेवलेत तर रोग पळेल’ असे रुग्णाला सांगणारे प्रेमानेच बोलत असतात, पण रोग उलटला की तोच रुग्ण स्वतःला दोषी मानू लागतो. योग्य उपचार नीट घेऊनही काही गाठी परत येतात, आणि ते गाठीच्या स्वभावामुळे होते.

एका पद्धतीने सुरुवात केली म्हणून शेवटपर्यंत तीच चालवावी लागत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी सर्व काही डॉक्टरांवर सोपवलेली व्यक्ती पुढच्या गोळ्यांविषयी स्वतः बोलू शकते; थकवा असह्य झाल्यावर तोपर्यंत सर्व काही पाहणारी व्यक्ती ते काम विश्वासातल्या माणसाकडे देऊ शकते. अहवाल येण्यापूर्वीच आपल्याला आयुर्मानाचे आकडे ऐकायचे आहेत की नाहीत, आणि नसतील तर ते कोणाला सांगावेत, हे डॉक्टरांना कळवून ठेवावे.