रात्रीचा फिशिंग परवाना: पैसे गाडी उभी करायचे, मासे तुमचे तुम्ही बघा

न्यू यॉर्कचं स्टेट पार्क खातं लाँग आयलंडच्या समुद्रकाठच्या पार्कांसाठी रात्रीचा फिशिंग परवाना देतं. नावावरून वाटतं की मासे धरायची परवानगी मिळाली. तसं नाही. सूर्य मावळल्यावर नेमून दिलेल्या पार्किंगमध्ये गाडी उभी ठेवता येते, एवढाच या परवान्याचा अर्थ. मासे धरायची नोंदणी वेगळी, वाळूवर गाडी चालवायचा परवाना वेगळा, आणि शेजारच्या गावाच्या पार्किंगचा तर आणखी वेगळा. या चार गोष्टींची गल्लत झाली की गरवायला गेलेला माणूस काचेवर दंडाची पावती घेऊन घरी येतो.

तरीही वर्षातून पाच-सहापेक्षा जास्त रात्री किनाऱ्यावर काढणाऱ्याने हा परवाना घ्यावाच. कारण साधं आहे. इथला मुख्य मासा स्ट्राइप्ड बास. तो वसंतात एप्रिल ते जून आणि शरदात सप्टेंबर ते नोव्हेंबर किनाऱ्यालगत फिरतो, आणि मोठा मासा बहुतेक अंधारातच काठाला येतो. आता घड्याळ बघा. नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की लाँग आयलंडवर साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे ऐन हंगामात ऑफिस सुटायच्या आधीच दिवसाचं पार्किंग संपलेलं असतं. जूनमध्ये साडेआठपर्यंत उजेड असतो, तेव्हा परवान्यावाचून थोडंफार निभतं. शरदात अजिबात नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती एम्पायर पासवर. स्टेट पार्कांचा ८० डॉलरचा वर्षाचा पास खिशात आहे, पार्क तेच, फाटक तेच, मग रात्री का चालू नये? तर तो पास म्हणजे दिवसाच्या प्रवेशाचे आगाऊ भरलेले पैसे. सूर्यास्तानंतर पार्क बंद, आणि बंद पार्कात पासाला किंमत नाही. रात्रीच्या परवान्याचा दर राज्यात राहणाऱ्याला कमी आणि बाहेरच्याला जास्त आहे. न्यू जर्सीतल्या एडिसन, जर्सी सिटीकडून येणारी आपली मंडळी बाहेरची धरली जातात. शिवाय परवाना कॅलेंडर वर्षाचा असतो. ऑक्टोबरात ऐन भरात घेतलात तर डिसेंबरअखेर तो संपतो. तेच पैसे मार्च-एप्रिलमध्ये भरले तर दोन्ही हंगाम मिळतात.

परवाना काढायला पार्कच्या ऑफिसात जाताना गाडीचं रजिस्ट्रेशन आणि लायसन्स मूळ प्रतीत न्यावं, फोनमधल्या फोटोवर विसंबू नये. परवाना गाडीला लागतो, माणसाला नाही. चौघं एका गाडीतून गेलात तर एकच परवाना पुरतो. घरातली दुसरी गाडी काढली की पहिलीचा परवाना तिला चालत नाही. हातात आल्यावर त्यावर छापलेली पार्किंगांची यादी आधी वाचा. पार्क तोच असला तरी त्यातलं प्रत्येक मैदान रात्री उघडं नसतं. जोन्स बीच आणि रॉबर्ट मोझेस इथे पार्किंगच्या मैदानांना 'फील्ड' म्हणतात, आणि वादळानंतर ही यादी बदलू शकते. रॉबर्ट मोझेसच्या किनाऱ्याची २०२३-२४च्या हिवाळी वादळांत भयंकर झीज झाली होती. म्हणून निघायच्या दिवशी दुपारी पार्कला एक फोन करायचा आणि फक्त दोन प्रश्न विचारायचे: आज रात्री कुठला फील्ड उघडा, आणि फाटक कुठल्या बाजूचं?

मासे धरायची नोंदणी मात्र फुकट आहे. राज्याच्या पर्यावरण खात्याकडे सोळा वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाने ती करायची, आणि दर वर्षी नव्याने. गाडीत चौघं असतील तर परवाना एक, पण नोंदण्या चार. हे पाच मिनिटांचं काम लोक आळसाने टाळतात आणि फुकटच्या कागदासाठी दंड भरतात.

आता अट. परवान्याचा जीव एका वाक्यात आहे: गाडीवाला प्रत्यक्ष मासे धरत असला पाहिजे. पहाटे तीनला पार्किंगमध्ये तपासणीचा टॉर्च फिरतो. इंजिन गार, बॉनेटवर दंव, काचा आतून धुरकटलेल्या आणि मागच्या सीटवर रग पांघरून झोपलेला माणूस दिसला, तर काच वाजणारच. 'भरतीची वाट बघतोय' हे उत्तर तिथे रोज ऐकलं जातं. रॉड छपरावर बांधलेला असेल आणि बूट कोरडे असतील तर ते कुणी मानत नाही. एकटा गरवतोय आणि सोबत आलेली चार माणसं चटई पसरून डबा खात बसली आहेत, हाही प्रकार चालत नाही. किनाऱ्यावर नुसतं बसून आकाश बघायचं असेल तर त्याच खात्याचा तारे बघायचा परवाना वेगळा मिळतो. विनोद नाही, खरंच मिळतो.

हद्दीचा घोळ माँटॉकला सगळ्यात जास्त. बेटाचं पूर्वेचं टोक, १७९६ सालचं दीपगृह, खाली गोटे आणि वळणारा प्रवाह. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर काठावरून बास धरायची याहून नावाजलेली जागा सापडणं कठीण. पण काही मैलांच्या आत तीन मालक आहेत. माँटॉक पॉइंट, कॅम्प हीरो आणि हिदर हिल्स ही स्टेट पार्कं, तिथे हा परवाना. मधली आणि आसपासची गावची पार्किंगं ईस्ट हॅम्प्टन टाउनची, तिथे टाउनचा स्टिकर. उत्तरेला सफोक काउंटीचं पार्क, तिथे काउंटीचं ग्रीन की कार्ड आणि काठावर गाडी न्यायला त्यावर आणखी परवाना. अंधारात पाटी दिसत नाही आणि डांबर सगळीकडे सारखंच. पाटीवर कुणाचं चिन्ह आहे ते उतरून बघायचं. माँटॉकपासून दूर, फायर आयलंडचा राष्ट्रीय किनारा किंवा गेटवे या राष्ट्रीय पार्कातले ब्रीझी पॉइंट आणि (न्यू जर्सीतलं) सँडी हुक हे भाग केंद्राच्या पार्क खात्याचे. त्यांचे नियम आणि परवाने त्यांच्याकडेच. राज्याचा कागद तिथे दाखवून उपयोग नाही.

खात्याचं एक कौतुक करायला हवं: पार्किंगपासून पाण्यापर्यंतची वाट बहुतेक जागी खरोखर असते. एक तक्रारही: त्या वाटेबद्दल परवान्यासोबत काही सांगत नाहीत. जोन्स बीचला सपाट वाळू आहे, चालणं लांब पण सोपं. कॅम्प हीरो ही जुनी लष्करी जागा. अजून उभ्या असलेल्या प्रचंड रडारच्या आसपास कुंपणं आणि बंद भाग आहेत, आणि वाटा झुडपांतून कड्याखाली उतरतात. त्या झुडपांत गोचिड्या. लाँग आयलंडवर गोचिडीतून लाइम रोग होतो, त्यामुळे घरी पोचल्यावर आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, कंबरेच्या पट्ट्याखाली हात फिरवून बघणं हा रात्रीच्या मासेमारीचाच भाग समजा. कड्याच्या कडेवर उभं राहू नये. माती आणि गोट्यांचा कडा आहे, पावसानंतर सुटतो. पहिली खेप दिवसा करावी आणि उतरायची वाट, परतीची खूण, उभं राहायचा दगड ठरवून यावं.

मुंबई-कोकणची चार-पाच मीटरची उधाणाची भरती बघितलेल्या माणसाला माँटॉकची भरती चेष्टा वाटते. सरासरी फरक जेमतेम दोन फूट. सँडी हुकला साडेचार फुटांच्या वर. पण माँटॉकला घात करतो तो पाण्याचा चढउतार नव्हे, तर टोकाला वळसा घालून जाणारा ओढ्यासारखा प्रवाह आणि लांबून आलेली लाट. भरतीचं कोष्टक बघताना माँटॉकचंच बघा, न्यू यॉर्क बंदराचं नको. आणि पाणी चढायचं थांबलं म्हणजे प्रवाहही थांबला असं धरू नका, दोन्हींच्या वेळा जुळत नाहीत. लाटेची नुसती उंची पुरत नाही, दोन लाटांमधलं अंतर किती सेकंदांचं तेही बघा. चार फुटांची लाट सहा सेकंदांनी येत असेल तर खळबळ. तीच बारा सेकंदांनी येत असेल तर दहा मिनिटं समुद्र शांत दिसतो आणि मग दगडावरच्या माणसाला उचलून नेतो.

पायात काय, यावर रात्र अवलंबून. माँटॉकच्या गोट्यांवर शेवाळ असतं. रबरी तळ म्हणजे साबणावर उभं राहणं. बुटांखाली कार्बाइडचे खिळे असलेला तळवा लागतोच. वाळूवर छातीपर्यंतचे वेडर्स, म्हणजे पाणी आत न येणारी बुटांसकट विजार, चालतात, पण कंबरेला बाहेरून पट्टा घट्ट हवा, नाहीतर पडल्यावर पाणी आत भरतं आणि माणसाला उठता येत नाही. माँटॉकचे मुरलेले लोक म्हणूनच वेडर्सऐवजी वेटसूट घालतात. रॉड वाळूवर नऊ-दहा फुटी, दगडांवर दहा-अकरा. तीस ते चाळीस पाउंडांची ब्रेडेड (विणलेली) दोरी, पुढे तीनेक फूट जाड मोनोफिलामेंट (एकसंध नायलॉनची तार), कारण दगडाची धार ब्रेडला एका घासात कापते. बकटेल, म्हणजे शिशाच्या डोक्याचं आणि केसांच्या शेपटीचं नकली आमिष, एक ते दोन औंसाचं; प्रवाह जोराचा असेल तर वजन वाढवा, मंदावला तर कमी करा. तळ अधूनमधून लागला पाहिजे. सारखा लागला तर दर तिसऱ्या फेकीला बकटेल दगडात जाईल. दिवा डोक्याला, लाल उजेडाचा. पाण्यावर पांढरा झोत मारलात की मासा जातो, आणि शेजारचा मराठीत नाही, पण समजेल अशा भाषेत बोलतो.

मासा लागला की नियमाची पट्टी काढा. न्यू यॉर्कच्या समुद्रात स्ट्राइप्ड बासचा हंगाम १५ एप्रिल ते १५ डिसेंबर, माणशी दिवसाला एक, आणि लांबी २८ इंचांपेक्षा कमी नको, ३१ इंचांपेक्षा जास्त नको. म्हणजे साधारण ७१ ते ७९ सेंटीमीटर. तीन इंचांची ही फट २०२३पासून आहे. जिताड्याची आठवण व्हावी असा दांडगा मासा हातात येतो आणि 'मोठा आहे' म्हणूनच सोडावा लागतो. नव्या माणसाला हे पचत नाही. आमिष खरं असेल, मासळीचा तुकडा किंवा जिवंत वाम, तर सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ) सक्तीचा आहे, आणि त्याचं टोक बाजूला कललेलं नको. तो गालात बसतो, पोटात जात नाही. मात्र झटका मारायचा नाही. दोर ताणू द्यायचा आणि रीळ फिरवायचं. सवयीने झटका मारला की हुक तोंडातून बाहेर, आणि दोष हुकाला. मोजपट्टी टेपची नको, ती वाऱ्यात वळते. रॉडवर २८ आणि ३१ इंचांच्या दोन खुणा रंगवून ठेवा.

मार्चच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत किनाऱ्यावर दोरखंडाची कुंपणं दिसतील. पायपिंग प्लोव्हर नावाचा मुठीएवढा पक्षी वाळूत उघड्यावर अंडी घालतो, आणि १९८६पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे. दोरीच्या आतून जवळची वाट काढू नये. पिल्लं बाहेर आली की बंद भाग एका रात्रीत वाढतो, त्यामुळे गेल्या आठवड्याची वाट या आठवड्यात असेलच असं नाही.

न्यू जर्सीच्या लोकांना एवढ्या लांब जायचं कारण काय, हा प्रश्न रास्त आहे. एडिसनहून माँटॉक दीडशे मैलांच्या आसपास. न्यू जर्सीतलंच आयलंड बीच स्टेट पार्क त्याच्या निम्म्याहून कमी. तिथे राज्याचा वाळूवरच्या गाडीचा मासेमारी परवाना मिळतो आणि ती सोय न्यू यॉर्कच्या रात्रीच्या परवान्यापेक्षा सरस आहे, कारण गाडी पाण्यापासून पन्नास पावलांवर उभी राहते. पण तो बराच महाग, आणि फोर-व्हील ड्राइव्हच हवी. सोबत फावडं, जॅक आणि त्याखाली ठेवायची फळी, ओढायचा दोर किंवा साखळी, हवेचा गेज, स्टेपनी, टॉर्च, आग विझवायचं नळकांडं, प्रथमोपचार पेटी आणि कचऱ्याची पिशवी, शिवाय मासेमारीचं सामान. यांतली फळी सगळे विसरतात, आणि फळीवाचून जॅक वाळूत बुडतो, गाडी तशीच. वाळूवर जाण्याआधी टायरची हवा १५ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा आणि डांबरावर आल्यावर आधी भरा. उतरलेल्या हवेवर हायवेला साठच्या वेगाने गेलात तर टायरची बाजू तापून फाटते. न्यू जर्सीतही नोंदणी फुकट आणि सक्तीची, बासची फट तीच २८ ते ३१ इंच. ज्यांच्याकडे साधी सेडान आहे आणि ज्यांना दगडांपेक्षा वाळू बरी वाटते, त्यांनी न्यू यॉर्कचा परवाना घेऊन जोन्स बीचला सुरुवात करावी. माँटॉक दुसऱ्या वर्षी.

रात्री संडास उघडे मिळतीलच असं नाही, पाण्याचा नळ नाही, आमिषाची दुकानं लवकर मिटतात. प्यायचं पाणी, कोरडे मोजे आणि गाडीच्या किल्लीची दुसरी प्रत सोबत्याच्या खिशात. परवाना ड्रायव्हरच्या बाजूला बाहेरून वाचता येईल असा लावा. दंवाने काच झाकली जात असेल तर निघताना काचेवर बाहेरून टॉवेल फिरवून जा, म्हणजे टॉर्चवाल्याला आत वाकून बघावं लागणार नाही.